रस्ता वापरील त्याने रस्त्याचे दाम भरावे

सोलापूरकर नागरिकहो,

विजेवर चालणारी, चालकावाचून धावणारी आणि घरोघरी न ठेवता सर्वांनी भाड्याने वापरावयाची मोटार अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे व चीनमध्ये वुहान येथे उतारूंची ने-आण करू लागली असली, तरी चालकांचा रोजगार बुडेल या कारणास्तव तिला या देशात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीरपणे सांगितले असल्यामुळे, सात रस्त्यावरील रिक्षाथांब्याला तूर्त भय नाही, अशी आपली समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु मंत्र्याचा शब्द मंत्रिपदाइतकाच टिकतो; शिवाय त्या गाडीचा अर्धा भाग, म्हणजे वीज, दाराशी येऊन ठेपलाच आहे.

पाकणीच्या आगारातून येणाऱ्या पेट्रोलवर केंद्र उत्पादनशुल्क घेते, राज्य २५ टक्के मूल्यवर्धित कर व वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे घेते, आणि केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीही पेट्रोल-डिझेलवरील उपकरावरच पोसला जातो. तीच गाडी फताटेवाडीच्या विजेवर धावू लागताच ही वसुली थांबते, आणि विद्युत शुल्काने ती भरून निघत नाही. उलट राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या गाड्यांना समृद्धी महामार्गावर पथकरही माफ केला. त्याच वर्षी ३० लाखांवरील विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचविला गेला आणि लागलीच मागे घेतला गेला. तीस लाखांची गाडी घेणाऱ्याविषयी एवढी कणव हातगाडीवाल्याच्या वाट्याला कधी आल्याचे स्मरत नाही.

सामायिक गाडीने ही तूट दुणावेल, कारण अनेक खासगी गाड्यांचे काम करणारी ती एक गाडी नोंदणीच्या वेळी एकदाच मोजली जाईल आणि रस्ता मात्र अहोरात्र झिजवील. रिक्षावाल्याची कमाई नव्या पेठेत खर्च होते. सामायिक गाड्या चालविणाऱ्या कंपनीचा नफा परमुलखी जाईल. यापूर्वी शहराची जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१७ साली गेला, आणि दरसाल ८ टक्के वाढीची भरपाई कायद्याने ठरली खरी, पण स्वतःच्या हक्काने वसुली करणारी महापालिका तेव्हापासून मंत्रालयाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसली. तोच प्रसंग दुसऱ्यांदा ओढवून घ्यावयाचा काय?

उपाय दुर्घट नाही. आपल्या शहराचा समावेश असलेल्या पंतप्रधान ई-बस सेवेत केंद्र सरकार ठेकेदारीच्या बसला तिच्या लांबीनुसार किलोमीटरमागे २० ते २४ रुपयांचे साहाय्य देऊ करते. देण्यासाठी किलोमीटर मोजता येत असेल, तर घेण्यासाठी तो मोजता येत नाही, हे कोणी सांगावे? न्यूझीलंडने १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारींकडून दर हजार किलोमीटरमागे ७६ डॉलर घेण्यास प्रारंभ केला आहे.

तेव्हा भाड्याने फिरणाऱ्या विजेच्या गाड्यांवर, त्यांत चालक असो वा नसो, वजन व अंतर यांच्या प्रमाणात रस्ताशुल्क बसवावे, स्वतःच्या रिक्षावर पोट भरणाऱ्यास त्यातून वगळावे, आणि ज्या शहरात ते किलोमीटर कापले गेले त्या शहराचा हिस्सा कायद्यानेच थेट त्याच्या महापालिकेस मिळावा, असा ठराव सोलापूर महापालिकेने करून शासनाकडे धाडावा. येत्या अंदाजपत्रकी सभेपूर्वी ही मागणी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास लेखी द्या, आणि तिची पोच मागून घ्या.