मायलेज वाढवणारं चुंबक

आपल्या पार्किंगमध्ये सध्या नवीन फॅड आहे. पेट्रोलच्या पाइपवर चुंबक बसवायचं आणि मायलेज वाढलं म्हणून सांगत सुटायचं. दोस्तांनो, थर्मो शिकलो ना आपण? (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.)

विकणारा म्हणतो, चुंबकामुळे पेट्रोल पूर्ण जळतं. अरे, पण धड ट्यून केलेल्या इंजिनात ते आधीच जवळजवळ सगळं जळतं! जे दोन-तीन टक्के उरतं, त्यातून वीस टक्के मायलेज कुठून काढणार? खरी नासाडी उष्णतेची. ती कारच्या रेडिएटरमधून, बाइकच्या फिन्समधून आणि सायलेन्सरमधून निघून जाते. तिथे चुंबक काय करणार? कारसाठीचे हायड्रोजन किट तर त्याहून भारी. पाणी फोडायला वीज लागते, ती येते त्याच इंजिनाकडून!

अमेरिकेच्या ईपीए या सरकारी संस्थेने अशी १०० च्या वर उपकरणं तपासली. फार थोड्यांचा फायदा दिसला, तोही किरकोळ.

'पण मला फरक पडला ना!' पडेलही. पैसे घातल्यावर माणूस अ‍ॅक्सिलरेटर जपून पिळतो, टायरमधली हवा बघतो. श्रेय मात्र चुंबकाला. मेसचं बिल थकवून हे घेणारे आपल्यातच आहेत, याचं वाईट वाटतं. हवा तर पंपावर फुकट भरून मिळते.