मोरीतला नळ आणि घरची शिस्त

एप्रिल २०१६मध्ये पाण्याने भरलेली रेल्वेगाडी मिरजेहून लातूरला पोहोचली. दहा टाक्यांतून आलेले ते पाणी सुमारे ५ लाख लिटर होते. तहानलेल्या शहरासाठी धावलेल्या त्या गाडीचे कौतुक झाले, ते योग्यच होते. परंतु घरोघरच्या मोरीतून रोज वाहून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

भारतीय मानकांत शहरी माणसाची दैनंदिन गरज १३५ लिटर धरली आहे. त्यातले केवळ १० लिटर भांड्यांसाठी आहेत. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ४० लिटर. मात्र मिनिटाला सहा लिटर सोडणारा नळ सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे उघडा राहिला, तर १८० लिटर पाणी जाते. भांडे घासले जात असताना नळाचे तेथे काहीच काम नसते, हे साधे सत्य विसरले जाते.

यावर उपायही साधेच आहेत. ताटातले खरकटे आधी काढून टाकावे. करपलेले पातेले भिजत घालावे. पेले-वाट्या प्रथम आणि तेलकट कढया शेवटी घासाव्यात. नळ बंद ठेवून एका टबात भांडी विसळावीत व दुसऱ्यातील स्वच्छ पाण्यातून काढावीत. तुपकट भांड्यांपुरतेच ऊन पाणी घ्यावे. कारण वीस लिटर पाणी ३० अंशांनी तापवण्यास सुमारे ०.७ युनिट वीज लागते. रोजचा हा क्रम महिन्याला २१ युनिटांवर जातो.

बहुतेक सुखवस्तू घरांत हा सारा उपदेश मोलकरणीच्या वाट्याला येतो. तिला चार घरची कामे उरकायची असतात आणि तिच्यापुढे येतात ती रात्रभर वाळलेली, खरकट्याने माखलेली भांडी. अशा वेळी नळ मोकळा सोडण्यावाचून तिला गत्यंतर उरत नाही. दोष तिचा नव्हे. जेवून उठणाऱ्या प्रत्येकाने आपले ताट विसळून ठेवले आणि घराने दोन टब आणून दिले, तर तिचे श्रम वाचतील आणि पाणीही.

शासनाने जलाशय राखावेत, महापालिकेने गळती थांबवावी, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु ती करण्याचा अधिकार आधी आपल्या मोरीतला नळ बंद करणाऱ्यालाच शोभतो.