संतपट टिकले ते कशानें ?

जुने संतपट केवळ भाविकांच्या भाबडेपणावर जगले, असा शेरा आमचे विद्वान् रसिक मारीत असतात. आम्हांस हें मत मुळींच मान्य नाहीं. भाबडेपणानें चित्रपट टिकते, तर त्या काळचे कित्येक पौराणिक बोलपट विस्मृतींत कां गेले ?

आमच्या विशेष आवडीचे दोन बोलपट पाहा, दोन्हीही 'प्रभात'चे. 'धर्मात्मा' (१९३५) यांत बालगंधर्व एकनाथ झाले. आमच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील पैठणचा हा संत अस्पृश्याच्या घरीं जेवतो, आणि सनातनी खवळतात. चित्रपटाचें मूळ नांव 'महात्मा'. तेंही सेन्सॉरला सोसलें नाहीं! 'संत तुकाराम' (१९३६) मधील वैकुंठाचें विमान आज कोणास दिपवीत नाहीं. पोर आजारी पडतांच विठोबावर पायतण उगारणारी गौरीबाईंची आवली मात्र विसरतां येत नाहीं. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत या चित्रपटाचा गौरव झाला. तेथील परीक्षक कांहीं वारकरी नव्हते !

तात्पर्य, समाजाला अडचणीचा प्रश्न विचारणारी कलाकृतीच टिकते. या चित्रपटांना हार घालून देव्हाऱ्यांत बसविणारे त्यांचे मित्र नव्हेत. नाथांच्या त्या पंक्तीस आपण आज तरी बसूं काय, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.