चाकावरची चार बोटे

मोटारीच्या चाकाची वरची कड आणि तिच्यावरचे मडगार्ड यांच्यामध्ये कारखानदाराने जी तीन-चार बोटांची फट ठेवलेली असते, त्या फटीवर दैनिकाच्या पहिल्या पानावर अग्रलेख लिहिण्याची वेळ येईल, असे कोणाला स्वप्नातही वाटले नसते. पण ती वेळ आली आहे खरी! ही फट नाहीशी करणे हा आज आमच्या शहरांतील तरुणांचा मोठा शौक होऊन बसला आहे. स्पोर्ट्स कार असो की तिची नक्कल करणारी साधी मोटार असो, गॅरेजमध्ये न्यायची, मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवायच्या, किंवा पैसे कमी असतील तर त्याच स्प्रिंगांचे एक-दोन वेढे कापून टाकायचे, आणि गाडी जमिनीला जवळजवळ टेकवून मिरवायची, याला त्यांच्या भाषेत ‘गाडी लो करणे’ असे म्हणतात. ज्याची गाडी अधिक खाली, तो अधिक वरचा, असा हा उलटा हिशेब आहे.

या शौकाची नुसती टवाळी करणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. यंत्रावर प्रेम करणाऱ्या तरुणांना मूर्ख म्हणण्याची आमची इच्छा नाही. शिवाय त्यांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर कमी प्रमाणात ढकलले जाते. साधा हिशेब करून पाहा. चौदाशे किलो वजनाची, दीड मीटर रुंद चाकोरीची एक मोटार घ्या. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिलिमीटर उंचीवर आहे असे धरा. वजनाच्या सहा दशांश इतकी बाजूची ओढ बसेल अशा वेगाने ती वळली, तर २८० किलो भार आतून बाहेर सरकतो. तीच गाडी ३० मिलिमीटरने खाली केली तर हा आकडा सुमारे २६३ किलोवर येतो. म्हणजे सहा टक्क्यांचा लाभ झाला. शर्यतीच्या गुळगुळीत मैदानावर, जेथे सेकंदाच्या शतांशासाठी झुंज असते, तेथे सहा टक्के म्हणजे मोठेच भांडवल!

पण हे भांडवल कोठून आणले जाते, हे कोणी विचारीत नाही. ती चार बोटांची फट कारखानदाराने विसरभोळेपणाने ठेवलेली नसते. गाडीत पाच माणसे आणि सामान भरले, समोर खड्डा आला आणि चाक झपाट्याने वर उसळले, तर त्याला जाण्यासाठी ती जागा असते. समजा, मूळ गाडीच्या चाकाला वर उचलले जाण्यासाठी ८० मिलिमीटर वाव होता आणि गाडी ३० मिलिमीटरने खाली केल्यावर तो ५० उरला. आता खड्ड्याचा तोच धक्का एवढ्या अपुऱ्या जागेत पचवायचा, तर स्प्रिंग सुमारे अडीच पट कडक हवी. तितकी कडक स्प्रिंग बसवली तर खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला धरून राहणार नाही, उड्या मारू लागेल. तितकी कडक बसवली नाही, तर स्प्रिंग संपते, तिच्या टोकाचा रबरी अडणा चेपतो आणि उरलेला घाव थेट सांगाड्यावर आणि आत बसलेल्यांच्या मणक्यांवर बसतो. निसर्गाच्या दुकानात उधारी चालत नाही!

याहूनही विपरीत गोष्ट पुढेच आहे. आपल्याकडील बहुतेक मोटारींची पुढची चाके मॅकफर्सन पद्धतीच्या खांबांवर असतात. अशी गाडी फार खाली आणली, की खालचा दांडा आडव्या रेषेच्या पलीकडे तिरपा होतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली घसरतो. दोहोंमधले अंतर वाढते आणि वळणावर कमी कलावी म्हणून खाली आणलेली गाडी अधिकच कलू पाहते. चाके आत झुकतात, टायरची आतली कड झिजते. पुन्हा अलाइनमेंट केली नाही, तर नवे टायर अकाली टाकून द्यावे लागतात. नुसती मागची बाजू खाली आणली तर दिव्यांचा झोत वर उचलला जातो आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर अंधारी येते. गॅसच्या ज्योतीने कापलेल्या स्प्रिंगेचे तर बोलायलाच नको. त्या आचेने पोलादाचे पाणी उतरते, आणि गाडी उसळून चाक खाली लोंबले की ही आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटूही शकते. हा धोका केवळ मालकाच्या खिशाचा नाही. रस्त्यावर त्याच्या शेजारून जे कोणी जात असतील, त्या सर्वांचा तो आहे.

आता आम्ही वाचकांना शहराबाहेर घेऊन जातो. धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र. चैत्रात तेथे यात्रा भरते, देवाचा रथ निघतो, आणि पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली, पण ज्यांचे कुलदैवत तेथेच आहे अशी कुटुंबे आपापल्या मोटारींनी दर्शनाला जातात. या मुलखात काळ्या जमिनी पुष्कळ आहेत. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते, आणि तिच्यावर अंथरलेल्या डांबराला तिच्याबरोबर वरखाली व्हावेच लागते. त्यात हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉल्यांची वर्दळ. अशा रस्त्यांवरून पिढ्यान् पिढ्या ज्या बैलगाड्या चालल्या, त्यांची चाके चांगली मोठी आणि आस उंचावर असे. गावच्या सुताराने गुरुत्वमध्याचे गणित कधी मांडले नव्हते. पण मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि उंच आस चिखलात अडकत नाही, हे तो जाणत होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तशी रस्ता पाहून गाडी घडवावी, एवढे व्यवहारज्ञान त्याच्यापाशी होते.

महाराष्ट्रात नोंदलेली मोटार ही २००२ साली पूर्ण झालेल्या पुणे-मुंबई द्रुतगती मार्गापुरती किंवा जून २०२५ मध्ये अखेरपर्यंत खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गापुरती नोंदलेली नसते. ती साऱ्या महाराष्ट्रातील रस्त्यांसाठी असते. म्हणून आम्ही एक साधी कसोटी सुचवतो: घरची पाच माणसे घेऊन जी गाडी सोनारीला जाऊन पोट न घासता परत येऊ शकेल, तीच महाराष्ट्रातील सार्वजनिक रस्त्यावर चालण्यास योग्य. जिला हे जमत नाही, तिने शर्यतीच्या मैदानावर खुशाल पराक्रम गाजवावा.

परंतु ही कसोटी लावताना सरकारला मोकळे सोडता येणार नाही. या तरुणांचा गतिरोधकांवर मोठा राग आहे, आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे सामान्य वाहतुकीसाठीचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या हलक्या कमानीचा असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता यावा, हा त्यामागचा हेतू. या कमानीचे ढोबळ गणित करून पाहिले तर काय दिसते? ज्या गाडीचे नाक पुढच्या चाकाच्या एक मीटर पुढे आणि जमिनीपासून १०० मिलिमीटर उंच आहे, तिचे नाक सुमारे २० मिलिमीटरच्या फरकाने सुटते. दोन चाकांत अडीच मीटर अंतर असले, तर मधोमध तिच्या पोटाखालची जागा ४६ मिलिमीटरने कमी होते, म्हणजे तेथेही ती सुटते. कारखान्यातून आलेली ठेंगणी स्पोर्ट्स कारदेखील नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर अडत नाही, असा याचा अर्थ. तीच गाडी ३० मिलिमीटरने खाली केली, की तिचे नाक १० मिलिमीटर कमानीत घुसते. यावरून दोन्ही पक्षांनी आपापला बोध घ्यावा. आमच्या गल्लोगल्ली आणि गावोगावी रात्रीतून उगवणारे, भिंतीसारखे उभे, ना रंग ना फलक असे जे उंचवटे आहेत, त्यांना गतिरोधक म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. स्पोर्ट्स कारचे नाक तेथे घासते हे दुःख लहान. त्याच उंचवट्यावर गर्भवतीला घेऊन निघालेली रुग्णवाहिका आदळते, हे दुःख मोठे. आणि खड्ड्यांविषयी काय बोलावे! खड्ड्यामुळे कोणी दगावल्यास त्याच्या वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यावी, असे मुंबई उच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगावे लागले. नागरिकाने गाडीचे मोजमाप पाळावे आणि सरकारने रस्त्याचे मोजमाप पाळू नये, हा कोठला न्याय?

कायद्याची स्थितीही समाधानकारक नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केरळातील प्रकरणांचा निकाल देताना, या कलमाचा कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमाने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. ठीक आहे. पण वाहनाच्या रचनेत बदल होऊन त्याचे मूळ स्वरूप पालटते तो ‘फेरफार’, अशी व्याख्या करून कायदा थांबतो. आखूड स्प्रिंगेने मूळ स्वरूप पालटते की नाही? पंधरा मिलिमीटर चालतील की पन्नास? याचे माप कलमात नाही. जेथे माप नसते तेथे मर्जी शिरते, आणि मर्जीच्या मागोमाग काय शिरते, हे नाक्यावर उभे राहिलेल्या कोणाही नागरिकाला सांगावे लागत नाही.

कायद्याच्या कडकपणाची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात ज्या पोर्शे मोटारीने दोन तरुण जिवांचा बळी घेतला, तिची कायम नोंदणीच झालेली नव्हती. १७५८ रुपयांचे शुल्क भरावयाचे राहिले होते. कोट्यवधींची मोटार, हजारांतले शुल्क आणि तरीही ती रस्त्यावर! ज्या यंत्रणेच्या डोळ्यांखालून नंबरपाटी नसलेली गाडी निसटते, तिला स्प्रिंगेचे वेढे मोजता येतील, यावर लोकांनी कसा विश्वास ठेवावा?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, सरसकट मनाई आणि सरसकट डोळेझाक या दोन्ही गोष्टी सोडून सरकारने माप ठरवून द्यावे. जर्मनीत गाडीचे सस्पेन्शन बदलता येते. पण तो भाग तपासलेला असावा लागतो, बसवल्यावर तज्ज्ञाकडून गाडी पाहून घ्यावी लागते आणि बदलाची नोंद कागदोपत्री व्हावी लागते. आपल्याकडे हे अशक्य का असावे? १९६६ पासून पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन उभी आहे; मोटारींची कसून परीक्षा करण्याची विद्या तिच्यापाशी आहे. कोणत्या गाडीला कोणती स्प्रिंग किती मिलिमीटरपर्यंत चालेल, हे तिच्याकडून ठरवून घ्यावे आणि त्याप्रमाणे नोंद करून द्यावी. दुसरी, स्प्रिंग कापून देणाऱ्या गॅरेजवाल्यालाही मालकाइतकेच जबाबदार धरावे. तिसरी, नियमबाह्य गतिरोधक उखडून मापाप्रमाणे बांधावेत. आणि ज्या अभियंत्याच्या हद्दीत असा उंचवटा सापडेल, त्याच्याकडून खुलासा मागावा.

तरुणांनाही आमचे एक सांगणे आहे. ज्यांची नक्कल तुम्ही करता, ते कारखानदार स्वतः काय करीत आहेत ते पाहा. पोर्शेने २०२२ मध्ये ‘९११ डकार’ ही गाडी काढली, ती स्पोर्ट्स सस्पेन्शनच्या ९११ पेक्षा ५० मिलिमीटर उंच, आणि हवी तेव्हा आणखी ३० मिलिमीटर वर उचलता येणारी. त्याच वर्षी लॅम्बोर्गिनीने आपली हुराकान ४४ मिलिमीटर उंच करून ‘स्टेराटो’ या नावाने विकायला काढली. शर्यतीच्या गाड्यांत ज्यांची हयात गेली, त्यांनी खराब रस्त्यासाठी गाडी वर उचलली. आणि आम्ही काळ्या मातीतल्या रस्त्यांचे धनी, ती खाली चेपीत बसलो आहोत! वेगाची हौस खरी असेल तर कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जाऊन ती फेडावी. तेथे वळणावर त्या सहा टक्क्यांची किंमत कळेल. आपल्या चौकातल्या सिग्नलपाशी ती कळण्याजोगी नाही.

रस्ता हा सर्वांचा. त्यावर गाडी कशी असावी याला मर्यादा आहे, आणि रस्ता कसा असावा यालाही आहे. नागरिकाने पहिली मर्यादा ओलांडली तर त्याला दंड करणारा कायदा आहे. सरकारने दुसरी ओलांडली तर जाब विचारणारे लोकमत हवे. सोनारीच्या वाटेवर मोटारीचे पोट घासले तर दोष गाडीचा की रस्त्याचा, हे टेप लावून ठरवता आले पाहिजे. तो टेप सरकारने आधी रस्त्याला लावावा, आणि मग खुशाल चाकावरची बोटे मोजायला यावे.