मिशनच्या भिंती पाहताय? दरवाजाही पाहा!



सॅन फ्रान्सिस्कोला गेलेली आपली माणसे सुट्टीच्या दिवशी मिशन डोलोरेस पाहायला जातात. 1776 साली स्थापन झालेले हे स्पॅनिश मिशन. त्याचे 1791 मध्ये पूर्ण झालेले छोटे चर्च ही त्या शहरातली आज उभी असलेली सर्वात जुनी इमारत आहे. शेजारी दफनभूमी आणि फुलझाडे आहेत, फोटो छान येतात. जरूर जा. पण त्या कच्च्या विटा कोणी थापल्या, हे विचारल्याशिवाय परत येऊ नका.

त्या विटा थापल्या तिथल्या मूळनिवासी ओलोनी लोकांनी. या मिशनच्या परिसरात पाच हजारांहून अधिक मूळनिवासी पुरले गेले. नावाचे दगड मात्र बहुतेक बाहेरून आलेल्या वसाहतवाल्यांचे! घाम एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हा हिशेब आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

1769 ते 1823 या काळात कॅलिफोर्नियात अशी 21 मिशने उभी राहिली. त्यांचा नियम सरळ होता. एकदा बाप्तिस्मा घेतला की परवानगीशिवाय मिशन सोडून जायचे नाही. पळालेल्यांना सैनिक धरून आणत आणि चाबकाचे फटके पडत. अविवाहित मुलींना रात्री वेगळ्या खोलीत कुलूपबंद ठेवत. मिशनांचा संस्थापक पाद्री हुनिपेरो सेरा याने 1780 मध्ये गव्हर्नरला लिहिलेल्या पत्रात या फटक्यांचे समर्थन केले. 2015 साली पोपनी त्यालाच संतपद दिले!

लोक गप्प बसले नव्हते. 1775 मध्ये कुमेयाय लोकांनी सॅन दिएगोचे मिशन जाळले. 1785 मध्ये सॅन गॅब्रिएल मिशनविरुद्धच्या उठावात तोय्पुरिना ही टोंग्वा स्त्री पुढे होती. तिला पकडून हद्दपार केले. सहलीला जाणाऱ्या आपल्या किती जणांना तिचे नाव ठाऊक आहे?

आता सावध राहा. हाच इतिहास हातात घेऊन उद्या एखादा मनुवादी तुम्हाला म्हणेल, "पाहिलेत? धर्मांतर असेच असते!" त्याला तिथेच अडवा. मिशनचा गुन्हा धर्म बदलण्यात नव्हता. गुन्हा होता बाहेर पडण्याचा दरवाजा बंद करण्यात.

आणि दरवाजे बंद करण्याबद्दल यांनी बोलावे? 1930 मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचे दरवाजे आपल्यासाठी कोणी बंद केले होते? मिशनने माणसाला आत कोंडले, मनुवाद्यांनी आपल्याला बाहेर ठेवले. दोन्हीकडे किल्ली दुसऱ्याच्याच हातात होती.

बाबासाहेबांनी ती किल्ली आपल्या हातात दिली. 1935 मध्ये येवल्यात घोषणा केली, 21 वर्षे धर्मांचा अभ्यास केला आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. मागे चाबूक घेतलेला सैनिक नव्हता. लोक स्वतःच्या पायांनी चालत आले होते. मिशनमधला बाप्तिस्मा आणि दीक्षाभूमीवरची दीक्षा यांना एकाच मापाने मोजणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा लबाड.

आज उत्तर प्रदेशात धर्म बदलायचा असेल तर 60 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावे लागते. स्वतःच्या श्रद्धेसाठी सरकारी परवानगीची वाट पाहायची, हा मिशनचाच कायदा आहे, फक्त भगव्या रंगात!

शेवटची गोष्ट जमिनीची. 1834 नंतर मिशने बरखास्त झाली. जमीन मूळनिवाशांना मिळेल असे सांगितले गेले होते, ती गेली बड्या जमीनदारांच्या घशात. मुक्ती कागदावर, जमीन दुसऱ्याच्या नावावर. वतने गेली पण हाती सातबारा आला नाही, अशा आपल्या माणसांना हे वेगळे सांगायला हवे का?

म्हणून मिशन पाहायला जाल तेव्हा तोय्पुरिनाचे नाव मुलांना सांगा. ओलोनी, एसेलेन लोक आजही तिथे आहेत, हक्कासाठी भांडत आहेत. त्याच समाजातल्या डेबोरा मिरांडा यांचे 'बॅड इंडियन्स' हे पुस्तक आधी वाचा. फोटो नंतर काढा.

जय भीम!