कुठे बसायचं? वसई-विरारच्या विद्यार्थ्यांसाठी आमचं गाईड



"आज कुठे बसायचं?" हा प्रश्न आपल्या कॉलेजांच्या आवारात शनिवारी दुपारनंतर हमखास ऐकू येतो. 'बसणं' म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उत्तर द्यायला रीलवाले तयारच असतात. कुठे हॅपी अवर्स आहेत, कुठे चखणा फुकट आहे, कुठल्या लाउंजमध्ये फोटो चांगले येतात, सगळं तीस सेकंदांत. खाली 'स्टुडंट बजेट' असा शिक्का. आणि हे पाहून आपल्या वस्तीतली ज्येष्ठ मंडळी एकच वाक्य बोलतात: "पोरं वाया गेली."

आम्हाला रीलवाल्यांचं गाईडही मान्य नाही आणि ज्येष्ठांचा हा निकालही मान्य नाही. दोघंही मूळ प्रश्न टाळतात. वसईचं संत गोन्सालो गार्सिया, वसई रोडचं अण्णासाहेब वर्तक, विद्यावर्धिनीचं अभियांत्रिकी, विरारचं विवा, अशा कॉलेजांतून हजारो मुलंमुली रोज बाहेर पडतात. त्यातली बरीच नालासोपारा पूर्वेच्या चाळींतून येतात, एका खोलीत पाच-सहा माणसं राहतात त्या घरांतून. या मुलांनी संध्याकाळी दोन तास मित्रांबरोबर बसायचं, तर या शहरात जागा कुठली? या प्रश्नाचं खरं उत्तर 'बार' असं येत असेल, तर दोष त्या मुलाचा आहे की शहर बांधणाऱ्यांचा? म्हणून हे आमचं गाईड.

पहिला मुक्काम: कायदा

महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात. व्हिस्की, रम, वोडका अशा कडक दारूसाठी 25. आता साधा हिशेब करा. बारावी झालेला मुलगा अठराव्या वर्षी पदवीला प्रवेश घेतो आणि एकविसाव्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडतो. म्हणजे पदवीच्या जवळजवळ संपूर्ण काळात तो कायद्याने बिअरचा ग्लासही उचलू शकत नाही. तो एम.ए. करून तेविसाव्या वर्षी बाहेर पडला, तरी क्वार्टर विकत घेण्याचा अधिकार त्याला नाही.

मग 'स्टुडंट ऑफर' नावाची गोष्ट अस्तित्वात कशी असते? पदवीच्या विद्यार्थ्याला दारूवर सवलत देणारी प्रत्येक जाहिरात ही बेकायदा विक्रीची जाहिरात आहे. ती उघड लागते, उघड फिरते आणि कोणाच्या परवान्याला धक्का लागत नाही. शिवाय आपला कायदा आजही 1949 चा दारूबंदी कायदाच आहे. त्यानुसार पिणाऱ्याकडे स्वतःचा परवाना लागतो. म्हणून तर बारला 'परमिट रूम' म्हणतात. हा परवाना शेवटचा कोणी कोणाकडे मागितला, हे आपल्या ओळखीच्या एखाद्या वेटरला विचारून पाहा. तो हसेल.

जो कायदा सगळेच मोडतात, तो कोणावर लावायचा हे दंडुकेवाल्याच्या मर्जीवर राहतं. आणि मर्जीला जात असते, वर्ग असतो, वस्तीचा पत्ता असतो.

दुसरा मुक्काम: दारूचं चातुर्वर्ण्य

जून 2025 मध्ये राज्य सरकारने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. त्या वेळी 180 मिलीच्या बाटलीच्या किमान किमती ठरल्या त्या अशा: देशी 80 रुपये, 'महाराष्ट्र मेड' नावाचा नवा प्रकार 148, भारतात बनलेली विदेशी 205 आणि प्रीमियम विदेशी 360. चार पायऱ्या, प्रत्येकीची जागा पक्की. मनूने एवढी सुबक मांडणी केली असती तर त्याला ती आवडली असती.

आपल्या शहरात या पायऱ्या जमिनीवर दिसतात. सगळ्यात वर एसी लाउंज. तिथे पिणाऱ्याला 'पार्टी केली' असं म्हणतात. त्याखाली परमिट रूम, तिथे 'बसले होते'. त्याखाली वाईन शॉपमधून बाटली घेऊन अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर नाहीतर एखाद्या अंधाऱ्या मैदानात जाणारी पोरं, ती 'टवाळखोर'. त्याखाली देशीचं दुकान. तिथून बाहेर पडणारा नाका कामगार 'दारुडा'. आणि सगळ्यात खाली हातभट्टी, जिथे माणूस मेला तरी बातमीत नाव येत नाही, आकडा येतो. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. ती कुठल्या पायरीवरची होती, हे वेगळं सांगायला नको.

द्रव्य एकच, इथाइल अल्कोहोल. वरच्या पायरीवर ती 'लाइफस्टाइल' होते आणि खालच्या पायरीवर 'यांची सवयच तशी' होते. आपल्या वस्तीचं नाव काढलं की "तिकडे दारू फार" म्हणणारे लोक शनिवारी रात्री कुठे असतात? गाड्यांच्या रांगा पाहा, उत्तर मिळेल.

तिसरा मुक्काम: तिजोरी

राज्याला उत्पादन शुल्कातून वर्षाला 20 हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल मिळतो. जून 2025 च्या वाढीतून आणखी सुमारे 14 हजार कोटी येतील, असं सरकारने सांगितलं. त्याच्या महिनाभर आधीच, मे 2025 मध्ये, सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी रुपये दुसऱ्या योजनेकडे वळवल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. विभागाच्या मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. म्हणजे आमच्या बापाच्या 80 रुपयांच्या बाटलीतून कर घ्यायचा आणि आमच्या पोराच्या शिष्यवृत्तीच्या, वसतिगृहाच्या विभागातून पैसा काढायचा. याला कल्याणकारी राज्य म्हणायचं?

हा वाद नवा नाही. 1880 साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. त्याच वर्षी व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळायला त्यांनी विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चा असं सुचवलं. दारूची दुकानं आणि शिक्षणाचा पैसा हे दोन्ही विषय एकाच माणसाने एकाच वर्षी मांडले, यात आम्हाला योगायोग दिसत नाही.

"मग दारूबंदी करा ना!"

हा प्रश्न येणारच. आमचं उत्तर स्पष्ट आहे: नाही.

1951 साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी दारूबंदी उठवण्याची मागणी केली होती. बंदीमुळे महसूल बुडतो, लोककल्याणाला पैसा उरत नाही आणि दुकानातली दारू घराघरांत गाळली जाऊ लागते, बायकामुलांच्या डोळ्यांदेखत, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच बाबासाहेबांनी पाच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात लाखो लोकांना दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. काही जणांना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. सरकारने पोलीस पाठवून पाळायला लावायचा तो कायदा, माणसाने समजून-उमजून स्वतः घ्यायचं ते शील. बाबासाहेबांनी या दोन्हींची गल्लत केली नाही, आपणही करू नये.

समाजशास्त्रात एम. एन. श्रीनिवासांची 'संस्कृतीकरण' ही संकल्पना शिकवतात. खालची मानलेली जात मांस-दारू सोडते आणि वरच्या जातीसारखी दिसू पाहते. पंचशीलातलं पाचवं शील हे संस्कृतीकरण नव्हे. कोणासारखं दिसण्यासाठी ते घेतलेलं नाही. डोकं ताळ्यावर राहावं, प्रमाद होऊ नये, यासाठी ते आहे. म्हणून आम्ही शेजारच्या वारली पाड्यावरच्या ताडीकडे किंवा ख्रिस्ती शेजाऱ्याच्या लग्नातल्या पेल्याकडे बोट दाखवत नाही. 1948 साली संविधान सभेत जयपालसिंग मुंडांनी आदिवासींच्या तांदळाच्या दारूचा प्रश्न मांडला, तेव्हा ते याच अभिजन शुद्धतावादाला उत्तर देत होते. आमचं भांडण माडापाशी बसलेल्या माणसाशी नाही. आमचं भांडण अल्पवयीन गिऱ्हाईक घडवणाऱ्या धंद्याशी आणि त्याच्याकडे डोळेझाक करणाऱ्या यंत्रणेशी आहे.

चौथा मुक्काम: सोपाऱ्याचा शिलालेख

रीलवाल्यांच्या यादीत नसलेली एक जागा आम्ही सांगतो. नालासोपारा पश्चिमेला रिक्षा करा आणि स्तूपावर जा. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी इथे उत्खनन केलं आणि दगडी पेटीतला धातूकरंडक बाहेर आला. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. 1956 साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगावात नवव्याचा सापडला.

आठव्या शिलालेखात काय आहे? पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत. तिथे शिकार असे, मौजमजा असे. अशोकाने त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केल्या. त्यात लोकांना भेटणं होतं, वृद्धांना मदत होती, गावोगावच्या माणसांशी धम्माबद्दल बोलणं होतं. लक्षात घ्या, त्याने लोकांना घरी बसवलं नाही. यात्रा तशीच ठेवली, तिचा हेतू बदलला. बाहेर पडायचं, माणसांत मिसळायचं, ही भूक माणसाला असतेच. तिला दुसरी जागा द्यावी लागते. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी याच मातीत कोरलेली ही गोष्ट आपल्या महापालिकेला अजून कळलेली नाही.

वसई-विरार महापालिका 2009 साली झाली. 2020 मध्ये मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. या सगळ्या काळात स्टेशनांच्या पूर्वेला बार उघडायला कधी जागा कमी पडली नाही. रात्री अकरापर्यंत चालू राहणारी मोफत अभ्यासिका उघडायची म्हटलं की मात्र आरक्षण, निधी, निविदा, सगळं आडवं येतं.

आरसा आपल्याकडेही

एवढं बोलून थांबलो तर आम्ही खोटे ठरू. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेमागे झिंगणारी पोरं कोणाची आहेत? जयंतीच्या बॅनरवर 'सौजन्य' म्हणून बारमालकाचा फोटो कोण लावतं? देणगी घेताना आपण हात जोडतो आणि मग त्याच्या दारात आपलं एकोणीस वर्षांचं पोर बसलं तर कोणत्या तोंडाने बोलणार? ज्या महामानवाने अठरा-अठरा तास अभ्यास केला, त्याच्या जयंतीचा खर्च गल्ल्यातून येत असेल तर ती जयंती नाही, त्या गल्ल्याची जाहिरात आहे.

तर मागण्या अशा

एक. प्रत्येक बार, बिअर शॉप, वाईन शॉपच्या दारावर 21 आणि 25 हे वयाचे आकडे मोठ्या मराठी अक्षरांत लागले पाहिजेत आणि वयाचा पुरावा दारातच तपासला पाहिजे. गुन्हा विकणाऱ्यावर नोंदवा, पोराला चौकीत बसवून बापाकडून पैसे काढू नका.

दोन. कॉलेजच्या फाटकापासून जवळच्या दारू दुकानाचं अंतर लोकांसमोर मोजा आणि आकडा जाहीर करा.

तीन. सोसायटीच्या गाळ्यात नवं बिअर शॉप किंवा वाईन शॉप काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल, असं मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर झालं. चांगलं झालं. पण नोंदणीकृत सोसायटी कोणाची असते? टॉवरवाल्यांची. नालासोपाऱ्याच्या चाळीची सोसायटीच नसेल तर तिच्या दारातल्या दुकानाला ना-हरकत कोण देणार? चाळीतल्या रहिवाशांनाही हा अधिकार हवा. 'आडवी बाटली' करून मतदानाने दुकान बंद करण्याचा मार्ग कायद्यात आहे, तो वस्तीतल्या आयाबहिणींना समजावून सांगायचं काम आम्ही सुरू ठेवू.

चार. नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार, चारही स्टेशनांजवळ, आधी पूर्वेला, रात्री उशिरापर्यंत चालणारी मोफत अभ्यासिका. पंखा, पाणी, स्वच्छ शौचालय आणि मुलींसाठी सुरक्षित वेळ. सोबत गप्पा मारायला एक अंगण. हो, गप्पांनाही जागा लागते.

पाच. शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर नको, वर्ष सुरू असताना हवी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी उपदेश नाही, एक हिशेब आहे. पुढच्या शनिवारी "कुठे बसायचं" हा प्रश्न आला की, आपल्याला बसायला दुसरी जागा कोणी ठेवली नाही, त्याचं नाव आधी विचारा. मग चौघं मिळून त्याच्या कार्यालयात जाऊन बसा. तिथे बसायला वयाची अट नाही.

जय भीम! जय संविधान!