नकाराचा अधिकार

वैद्यकीय शोधपत्रिकेचा संपादक निरोप घेतो तेव्हा त्याने किती लेख छापले, याला माझ्या मते फारसा अर्थ नसतो. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याने पुढच्याच्या हाती शाबूत सोपवला का, हे पाहायचे. १९१४ पासून निघणाऱ्या ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’चे संपादक स्टीफन लीडर यांना २०१५ मध्ये जावे लागले. निर्मितीचे काम एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीकडे सोपवायला त्यांचा विरोध होता. त्यांच्या जाण्यानंतर सल्लागार मंडळातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. लीडर यांच्या विरोधामागची धास्ती हवेतली नव्हती. २००० ते २००५ या काळात याच कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या कार्यालयाने औषध कंपन्यांच्या पैशावर, शोधपत्रिकेसारखी दिसणारी सहा प्रकाशने काढली होती. पैसा कोणाचा, हे त्यांत नीट सांगितले नव्हते. २००९ मध्ये कंपनीनेच ही चूक कबूल केली.

पैसा पत्रिकेच्या मालकाचा, तोटाही त्याचाच, मग निर्णय त्याने का घेऊ नये, असे विचारले जाते. छपाई, वितरण, हिशेब यांपुरते ते मान्यच आहे. पण लेख तपासणारे तज्ज्ञ बहुधा विनामोबदला राबतात आणि रुग्ण चाचणीसाठी स्वतःचे शरीर देतात. त्यांनी ठेवलेला विश्वास एकट्या मालकाच्या खात्यात कसा जमा होईल? ऑस्ट्रेलियातल्या स्प्रिंगफील्ड लेक्स या उपनगरातल्या दवाखान्यात लिहून मिळणाऱ्या गोळीमागचा पुरावा अशाच पानांतून येतो. म्हणून वाचकहो, लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात ‘हितसंबंध’ अशी एक ओळ असते, ती आधी वाचा.